पायरीवर एक पाय

डेपोत आमच्या ह्यांना ‘थांबराव’ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणतात, आणि हे हसून ओ देतात. माझ्यासमोर कुणी म्हटलं असतं तर मी त्याची चांगली हजेरी घेतली असती. पण ह्यांच्या अंगात राग म्हणून नाहीच. लग्नात वाटणीच तशी झाली असावी. धीर सगळा ह्यांच्याकडे गेला, तोंड सगळं माझ्याकडे आलं.

हे बसचे ड्रायव्हर. जन्मभर दुसरं काही केलं नाही. तरुणपणी याच मोठ्या शहरात बस चालवली. मग इथल्या गर्दीला आणि धुराला कंटाळून आम्ही डोंगरातल्या एका लहान गावी गेलो, ते वीस वर्षांच्या वर तिथेच राहिलो. आता पन्नाशी उलटल्यावर पुन्हा शहरात आलो आहोत, आणि आलो ते माझ्यामुळे. माझी दोन्ही मूत्रपिंडं एकदम संपावर गेली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीनदा मशीन लावून रक्त धुवावं लागेल. मी म्हटलं, आमच्याकडे अजून कपडे धुवायचं मशीन नाही, हे कुठून आणू. डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा मला प्रकरण कळलं.

गावातल्या दवाखान्यात एक वजनकाटा होता आणि एक अत्यंत प्रेमळ कंपाउंडर. डायलिसिसचं मशीन शहराशिवाय नाही. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी इथल्या जुन्या डेपोत फोन लावला. मला विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी घरी येऊन चपला काढता काढता एवढंच म्हणाले, “कुंड्या कुणाला द्यायच्या ते ठरव.”

डेपोने ह्यांना घेतलं, पण सहा महिने चाचणीवर. तेवढ्यात काम पसंत पडलं तर कायम करणार. ड्रायव्हर कायम झाला की त्याच्या बायकोचे उपचारही डेपोच्या इस्पितळात कायम. नाही झाला तर नवऱ्याला नारळ आणि त्याच्याबरोबर बायकोलाही. गोष्ट सरळ होती. हे टिकले तर मी टिकणार.

राहायला जागा मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक ओटा, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीचा पाइप. गावी पलीकडच्या वळणावर ह्यांचा हॉर्न वाजला की मी भात चढवायची, आणि हे दारात पाय धुवायला येईपर्यंत तो शिजलेला असायचा. इथे दिवसभर हजार हॉर्न. भात कधी चढवायचा तेच कळेना. पहिले पंधरा दिवस मी कुकरपाशी घड्याळ घेऊन बसत होते आणि रोज कच्चा नाहीतर गिच्च करत होते.

आणि माणसं. जिन्यात कुणाला बघून हसावं, तर तो आपल्याच मागे कुणी उभं आहे का बघायचा. शेजारच्या दाराला तीन कुलपं. वरच्या मजल्यावर कोण राहतं ते फक्त त्यांच्या खुर्च्या सरकण्यावरून माहीत. एकदा मशीनवरून आले, पायांत त्राण नव्हतं, जिन्यात बसले, तर दोन जण मला ओलांडून वर गेले. त्यातला एक ‘सॉरी’ म्हणाला, तेवढं पुण्य त्याच्या खात्यावर. त्या संध्याकाळी मी ह्यांच्यावर सगळा राग काढला.

“इथे आपलं कोण आहे?” मी म्हटलं. “इथे मेले तर वरच्यांना वासावरून कळेल.”

हे डब्याचं झाकण पुसत होते. म्हणाले, “सुरुवातीला कुणाचं कोण असतं गं?”

ह्या माणसाशी भांडायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आता ह्यांची खोड सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गावी ह्यांचा मार्ग एकच. सकाळी डोंगरावरच्या वस्तीतून खाली बाजाराच्या गावी, संध्याकाळी परत वर. सकाळी जितकी डोकी मोजून खाली नेली तितकी संध्याकाळी मोजून वर आणायची, असा ह्यांचा शिरस्ता. कुणी नेमून दिलेला नाही. पण वर जायला दुसरी गाडी नव्हती, आणि थंडीत खाली अडकलेल्या माणसाने करायचं काय? एक डोकं कमी भरलं तर गाडी हलायची नाही. एकदा एका म्हाताऱ्याने दाढ काढली आणि तो चक्कर येऊन दाताच्या डॉक्टरकडेच आडवा झाला, तर ह्यांनी अख्खी बस त्या दवाखान्याच्या दारात नेऊन लावली. म्हातारा गालावर बोळा धरून आला तेव्हा बसमधले सगळे ‘दाखवा दाखवा’ म्हणत त्याच्या तोंडात बघत होते. दुसऱ्या एकाने न सांगता मेव्हण्याच्या गाडीवरून घर गाठलं आणि सगळी बस त्याच्या नावाने बोटं मोडत अंधार पडेपर्यंत खाली बसून राहिली. दुसऱ्या दिवशी बायकांनी त्याला मागच्या सीटवर, कोंबड्यांच्या टोपल्यांमध्ये बसवला. महिनाभर त्याची तीच जागा.

जित्याची खोड. ती काय शहरात आल्यावर जाणार?

इथे ह्यांना मिळालेला मार्ग लांबलचक, शहराच्या एका टोकापासून मोठ्या इस्पितळापर्यंत. नवी बस, आपोआप उघडणारी दारं, कंडक्टर नाही. लोक पुढच्या दाराने चढतात, ड्रायव्हरला पास दाखवतात आणि आत सरकतात. ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी आहे: पायरीवर माणूस असताना दार लावू नये, गाडी हलवू नये. ती पाटी लक्षात ठेवा.

मार्गाच्या मध्यावर औषधाच्या दुकानासमोर एक थांबा आहे. रस्ता रुंद, त्यामुळे पलीकडून येणाऱ्यांसाठी वर लोखंडी पूल. ड्रायव्हरच्या सीटवरून त्या पुलाचा जिना समोर दिसतो. सकाळच्या फेरीला त्या जिन्यावरून एक बाई रोज धावत उतरायची. खांद्याला हिरवी पिशवी, एका हाताने केसांना पिन लावत. कधी वेळेत पोचायची, बहुतेकदा नाही. ती पुलावर दिसली की हे थांबायचे. ती चढायची, धापा टाकत पास दाखवायची आणि मागे जाऊन उभी राहायची. बोलणं शून्य.

“अहो, पण मागून पाच मिनिटांनी दुसरी बस असते ना?” मी विचारलं.

“असते.”

“मग?”

“काल होती, परवा होती. आज दिसतेय. म्हणजे यायचीय ना ती.”

ह्यांच्या डोक्यात शहरातसुद्धा डोकी मोजणं चालूच होतं.

बसमधल्या लोकांना हे कसं रुचावं? सकाळची वेळ, प्रत्येकाला कुठेतरी पोचायचंय. त्यातले एक गृहस्थ तर त्याच थांब्यावर चढणारे, रांगेत कायम पहिले, आणि ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट त्यांचीच. मनगटावर बशीएवढं घड्याळ. बस अर्धं मिनिट जरी उभी राहिली तरी ते बाही वर करायचे, घड्याळ बघायचे आणि असा सुस्कारा सोडायचे की ह्यांच्या मानेवरचे केस हलायचे. हे घरी त्यांची नक्कल करून दाखवायचे. आम्ही त्यांना घड्याळकाका म्हणायला लागलो.

मग डेपोत तक्रार गेली. साहेबांनी बोलावलं. साहेब शांत माणूस, आवाज चढवत नाहीत, पण बोलतात ते टाचणी टोचल्यासारखं.

“तुम्ही बस चालवता की लोकांची वाट बघता?”

“दोन्ही, साहेब,” हे म्हणाले.

काय म्हणावं आता. खोटं बोलता येत नाही तर निदान गप्प बसावं ना माणसाने. साहेब म्हणाले, “इथे त्यातलं पहिलंच काम करायचं.” ड्रायव्हर लोकांत ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली आणि त्या दिवसापासून हे थांबराव झाले.

हे दोन-चार दिवस सुधारले, पुन्हा थांबले, पुन्हा तक्रार गेली. तेव्हा साहेबांनी खुर्चीवरही बसवलं नाही. म्हणाले, “तुमचं वय बघून सांगतो. यापुढे तक्रार आली तर मी तुम्हाला बोलावणारच नाही. चाचणी संपायच्या आत एकदा मी स्वतः तुमच्या गाडीतून येईन. काय ते तेव्हा ठरवू.”

हे त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी मशीनवरून नुकतीच आले होते, हाताला पट्टी तशीच होती. म्हटलं, “कोण कुठली ती पिशवीवाली. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. तिच्यासाठी माझा जीव टांगणीला लावताय तुम्ही. ती पाच मिनिटांनी पोचली तर तिचं काय जाणार आहे? माझं काय जाणार आहे ते तुम्हाला माहीत आहे.”

ह्यांनी माझ्या हाताच्या पट्टीकडे बघितलं. मग म्हणाले, “बरं. उद्यापासून नाही थांबणार.”

आणि खरोखर नाही थांबले. दिलेला शब्द पाळणारा माणूस. गाडी वेळेवर सुटायला लागली, डेपोत कुणाचं काही म्हणणं उरलं नाही. फक्त ह्यांचा डबा अर्धा परत यायला लागला. मी विचारलं, भाजी बिघडली का. म्हणाले, नाही. दोन दिवसांनी आपणहून बोलले.

“रोज आरशात दिसते. हात वर करून पळत येते. मग हात खाली घेते आणि उभी राहते.”

एवढंच. मला वाटलं होतं आपण जिंकलो. पण त्या रात्री मलाही घास गिळवेना. मशीनच्या खोलीत चार-चार तास पडून राहावं लागतं, दोन नळ्या दंडात, एकीतून रक्त जातं आणि दुसरीतून येतं. तिथे डोक्याला दुसरा उद्योग नसतो. छताकडे बघत मला ती बाई दिसायची, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. आपल्याला जगायला मिळतंय त्याची थोडी किंमत ही बिचारी रोज थांब्यावर उभी राहून देतेय, असं वाटायचं आणि मनातून फार वाईट वाटायचं. पण ह्यांना ‘थांबा’ असं म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. मरणाला मी भीत होते. त्यात लपवायचं काय?

असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी हे घरी आले ते डोकं खाजवत.

“आज गंमत झाली. घड्याळकाकांचा पास सापडेना.”

“मग?”

“मग काय. एक पाय पायरीवर, एक खाली, आणि शोधतायत. शर्टाचा खिसा, पँटचा खिसा, पिशवी. दार लावता येईना, गाडी हलवता येईना. तेवढ्यात ती हिरव्या पिशवीवाली आली, त्यांच्या बाजूने आत शिरली. मग त्यांना पास सापडला.”

“वय झालं असेल,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पास सापडेना. तिसऱ्या दिवशी म्हणे छत्री दारात अडकली, आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. एवढंच नाही, तर रांगेत कायम पहिले असणारे काका आता सगळ्यांना ‘तुम्ही व्हा पुढे’ करत शेवटी चढायला लागले होते. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण दोघांनीही ताकास तूर लागू दिली नाही. बोललो तर हे चाळे बंद पडतील अशी भीती वाटली.

मग तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी एका सहकाऱ्याने ह्यांच्या कानावर घातलं की साहेब उद्या सकाळच्या फेरीला येणार. माझा त्या दिवशी मशीनचा वार नव्हता. घरी बसून राहिले असते तर जीव खालीवर होऊन तिथेच आटोपले असते, म्हणून मी साडी बदलली आणि बसमध्ये जाऊन बसले. ह्यांनी मला ओळख दाखवली नाही. मी पास दाखवला, त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मला ह्यांच्यासमोर पास दाखवावा लागला.

साहेब दोन थांबे पुढे चढले. माझ्या समोरच्या आडव्या सीटवर बसले, मांडीवर हात ठेवून. मी खिडकीबाहेर बघायचं सोंग करत होते. हे अगदी पुस्तकातल्यासारखी गाडी चालवत होते. थांबा आला की थांबायचं, माणसं चढली की निघायचं. मला वाटलं, आज ती बाई वेळेवर येवो नाहीतर मुळीच न येवो.

औषधाच्या दुकानाचा थांबा आला. लोक चढले. मी पुलाकडे बघितलं. पुलाच्या पार त्या टोकाला हिरवा ठिपका दिसला, धावत येणारा. अजून सगळा पूल बाकी, मग जिना बाकी. ह्यांनीही पाहिलं असणार. ह्यांचा हात दाराच्या बटणावर होता, आणि अंगठा बटणावर नुसता फिरत होता. तो हात मी दुसऱ्या कुणापेक्षा जास्त ओळखते.

पायरीवर एक पाय पडला. घड्याळकाका.

“पास,” ते म्हणाले, आणि शर्टाचा खिसा चाचपला. मग दुसरा. मग पँटचे दोन्ही. पास त्यांच्या गळ्यात निळ्या दोरीला लटकत होता, पोटावर, सगळ्या बसला दिसेल असा.

“काका, गळ्यात,” हे म्हणाले. प्रामाणिक माणूस, दुसरं काय करणार.

“कुठे?”

“गळ्यात तुमच्या.”

“कुणाच्या?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेब काकांकडे बघत होते. काकांनी सावकाश मान खाली घातली, पास हातात घेतला, उलटा करून बघितला, चष्मा काढला, चष्मा पुसला. अजून ती जिन्याच्या वरच्या पायरीवरच होती. मला आता दम धरवेना. आणि तेवढ्यात काकांच्या मागून रस्त्यावरून एक जाडजूड मावशी पुढे झाल्या आणि त्यांनी दारातूनच विचारलं, “ही इस्पितळाला जाते का?”

बसच्या कपाळावर हातभर अक्षरांत लिहिलेलं असतं.

“जाते मावशी,” हे म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

“मोठ्या इस्पितळाला की लहान?”

“मोठ्या.”

“मग नको. मला लहान नको, मोठंच पाहिजे,” असं म्हणून मावशी चढल्या. ह्या वाक्याचा अर्थ आजतागायत कुणाला लागलेला नाही. त्यांच्या पाठोपाठ ती हिरव्या पिशवीवाली चढली, पास दाखवला, आणि केसांना पिन लावत मागे निघून गेली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. आपल्यासाठी काय चाललं होतं त्याचा तिला पत्ताही नव्हता. मग काकांचा दुसरा पाय आत आला, दार लागलं, गाडी निघाली.

काका माझ्या शेजारी येऊन बसले, कारण त्यांच्या नेहमीच्या सीटवर मीच बसले होते. माझ्या तोंडात काही तीळ भिजत नाही. हळूच म्हटलं, “पास गळ्यातच होता की तुमच्या.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. मग समोर बघतच म्हणाले, “तक्रार मीच केली होती ड्रायव्हरची. दोन्ही वेळा. गाडी वेळेवर सुटायला लागली, बरं वाटलं. मग एक दिवस मागची सीट मिळाली, आणि मागच्या काचेतून ती दिसली. रस्त्यात उभी.” त्यांनी बाही वर केली, घड्याळ बघितलं आणि खाली केली. “ड्रायव्हरने थांबायचं नाही, हे बरोबरच आहे. पण प्रवाशाने वेंधळेपणा करायला कुणाची बंदी आहे?”

ह्या माणसाला मी इतके दिवस मनातून काय काय शिव्या घातल्या होत्या. मी कोण ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर रडले असते, आणि भर बसमध्ये रडणं माझ्या स्वभावात नाही, असं तेव्हा मला वाटत होतं. मी फक्त उठून त्यांना खिडकीची जागा दिली.

साहेब इस्पितळाच्या थांब्यावर उतरले. उतरताना ह्यांच्या डोक्यावरची पाटी त्यांनी वाचली, जणू पहिल्यांदाच बघत होते. गेले. चार दिवस काही कळलं नाही. त्या चार दिवसांत मी दोनदा कुकर जाळला.

पाचव्या दिवशी ह्यांना बोलावणं आलं. साहेब म्हणाले, “पायरीवर माणूस असताना तुम्ही गाडी हलवली नाहीत. नियम पाळता, चांगली गोष्ट आहे. तुम्हाला कायम करतोय.” हे आभार मानून निघाले तेव्हा साहेबांनी मागून हाक मारली. “तुमच्या मार्गावरचे लोक फार वेंधळे आहेत हो.”

“होत चाललेत, साहेब,” हे म्हणाले.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी ओट्याला धरून खालीच बसले. ह्यांनी पाणी दिलं. माझ्या जिवात जीव आला म्हणतात ना, तो येताना मी अगदी बघितला.

इथपर्यंत ही ह्यांची गोष्ट. पण शेवट माझा आहे.

पुढे इस्पितळाने माझी मशीनची वेळ बदलून दुपारची केली. आता मी दुसऱ्या मार्गाच्या बसने घरी येते, शहराच्या दुसऱ्या अंगाने. त्या मार्गावर ह्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नाही, तिथल्या कुणाला थांबराव माहीत नाहीत. एक दिवस मशीनवरून उठायला उशीर झाला. रक्त थांबेना, पट्टी पुन्हा बांधावी लागली. बाहेर आले तर बस थांब्यावर उभी, शेवटचे दोन-तीन जण चढत होते. मी आणि बस यांच्यात इस्पितळाच्या फाटकापासून थांब्यापर्यंतचं पुरं अंतर. मशीनवरून उठल्यावर माझे पाय कापसाचे होतात. ओरडावं तर आवाज नाही. मी हात वर केला, आणि मग, आता काय उपयोग म्हणून, खाली घेतला.

हात खाली घेतला तेव्हा मला एकदम ती आठवली.

पण बस निघेना. मी चालत राहिले, भिंतीला धरून, एक एक पाऊल. जवळ गेले तेव्हा दिसलं की दारात एक आडदांड माणूस वाकला आहे. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. आतून ड्रायव्हर, तरुण मुलगी होती, वैतागून म्हणाली, “अहो दादा, आटपा ना.”

“झालंच,” तो म्हणाला. “बुटाची नाडी.”

मी पोचले. त्याने अंग चोरून मला वाट दिली, वर न बघता. मी दांड्याला धरून चढले, पास दाखवला, कुणीतरी उठून जागा दिली, बसले. मग तो सरळ झाला, आत आला आणि माझ्या समोरून मागे गेला. माझी नजर आपोआप त्याच्या पायांकडे गेली.

त्याच्या पायांत चपला होत्या.

मी रडले. भर बसमध्ये, पदर तोंडाला लावून, मनसोक्त रडले. हे शहर कधी असं झालं, की आधीपासून असंच होतं आणि मलाच कधी बसमागे धावायची वेळ आली नव्हती, मला माहीत नाही. माझ्या शेजारच्या मुलीने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. मी प्याले. मला त्या क्षणी सगळ्यांचे पाय धरावेसे वाटले, त्या जिन्यात मला ओलांडून गेलेल्या दोघांचेसुद्धा.

संध्याकाळी ह्यांचं जेवण चाललं होतं तेव्हा सगळं सांगितलं. ह्यांच्या हातातला घास हातातच. शेवटी मी म्हटलं, “चपला होत्या हो त्याच्या पायांत.”

ह्यांनी डोळे पुसले, डाव्या हाताने. मग माझ्या ताटात आणखी भात वाढला.

“चपलेची नाडी ना,” हे म्हणाले. “तिला वेळ लागतोच.”